बर्वेबाईंच्या मुली

मार्ली वुडच्या मधल्या मोकळवणीत, उंच जाळीच्या कुंपणाआड, अ‍ॅस्पेनची काही झाडं उभी आहेत. तिथे काम करणारे लोक त्यांना ‘मिसेस बर्वेज गर्ल्स’ म्हणतात. बर्वेबाईंच्या मुली. नवा माणूस आला की त्याला मुद्दाम तिथे थांबवतात आणि गोष्ट सांगतात, की एक इंडियन शिक्षिका होती, तिने रस्त्याच्या कामात जाणारं एक मादी झाड मुळांतून वाचवलं, आणि आज ना उद्या या मुली फुलल्या की या जंगलात पुन्हा अ‍ॅस्पेनचं बी धरेल.

त्या मुली नाहीत. ती नर झाडं आहेत. मला ठाऊक आहे, कारण फसवणूक मी केलेली आहे. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मेघनाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. बाईंना तर नाहीच.

काय केलं ते सांगतो. पण आधी बाई सांगायला हव्यात. त्या कशा होत्या हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

दोन हजार तीनच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला, इंग्लंडात मिल्टन कीन्समध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारलं, “हॅरोच्या बर्वेबाई दर शनिवारी ट्रेनने तुमच्या गावी येतात, कुठल्याशा जंगलात काम करायला. स्टेशनवरून तिकडे बस नाही. सोडेल का कुणी?” सगळे गप्प. मला अशी गप्प बसलेली माणसं सहन होत नाहीत, म्हणून मी हो म्हणालो. मला वाटलं, एकदाच सोडायचं असेल.

पहिल्या शनिवारी स्टेशनबाहेर ज्या उभ्या होत्या त्यांना मी आधी ओळखलंच नाही. बुटक्या, रुंद बांध्याच्या. अंगात दिवंगत नवऱ्याची कॉर्डरॉयची पँट, पायात वेलिंग्टन बूट, डोक्यावर लोकरी टोपी, टोपीखाली बारीक लाल टिकली. वर नेव्ही ब्लू रेनकोट. तो रेनकोट त्या ज्या शाळेत बायॉलॉजी शिकवायच्या तिथल्या लॉस्ट प्रॉपर्टीतला होता. निवृत्त होईपर्यंत कुणी न्यायला आलं नाही, म्हणून बाईंनी नेला. कॉलरच्या आत कुणा मुलाच्या नावाची पट्टी अजून शिवलेली होती. “त्याला आता स्वतःची मुलं असतील,” बाई म्हणायच्या, “पण आला मागायला तर देईन.”

गाडीत सीटबेल्ट लावता लावता पहिला प्रश्न आला. “तुझ्या घरासमोर झाड कुठलं आहे?”

“आहे एक.”

“एक आहे ते कळलं. कुठलं?”

“मेपल असेल.”

“असेल म्हणजे काय? बघितलंस का?”

हे त्यांचं वाक्य. शाळेत त्यांनी ते किती पोरांना ऐकवलं असेल. माझ्यावर ते पुढे दर शनिवारी पडायचं. हवा बरी असेल, म्हटलं की खिडकीकडे बोट. दूध संपलं असेल, म्हटलं की, “फ्रिज उघडायला व्हिसा लागतो का?”

मिल्टन कीन्सचे रस्ते आडवे-उभे, आडव्यांना एच, उभ्यांना व्ही, पुढे नंबर. एकामागून एक राउंडअबाउट. दोन-तीन झाल्यावर बाई म्हणाल्या, “एच सहा, व्ही सात. गाव आहे की बुद्धिबळाचा पट? तू यातला कोण, प्यादं की उंट?” मी हसलो. बऱ्याच दिवसांत गाडीत कुणी बोललं नव्हतं.

मार्ली वुड गावापासून अर्ध्या तासावर. चिकणमातीचं, ओलं जंगल. ओक आणि हेझलची झुडपं मुबलक, आणि एका उताराला अ‍ॅस्पेनचा ताफा. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. वारा पडलेला असला, बाकी एक पान हलत नसलं, तरी तिथे कुणीतरी सुपात तांदूळ पाखडत असल्यासारखा आवाज येत असतो. मी उगाच म्हणालो, “पिंपळासारखं वाटतं.”

“वाटतं. पण पिंपळाचा हा कुणी लागत नाही. हा वाळुंजाच्या घरातला.” त्यांनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. “देठ चिमटीत धर आणि फिरव.”

देठ फिरेना. गोल नव्हताच तो, पट्टीसारखा चपटा होता.

“चपटा आहे, आणि तोही पानाला आडवा. म्हणून एवढ्याशा झुळकीने लटपटतो. लोक म्हणतात झाड घाबरलंय, दुःखी आहे, काय काय. काही नाही. देठ चपटा आहे.” मग ताफ्याकडे हात करून, “किती झाडं आहेत?”

मी मोजायला लागलो.

“मोजू नकोस. एक आहे. मूळ एकच, जमिनीखालून पसरलेलं. वर दिसतात ते त्याचे फुटवे. एक खोड म्हातारं होऊन पडतं, तोवर मुळातून दुसरं वर येतं. सगळ्यांना पालवी एकाच आठवड्यात, सगळी पिवळी पण एकदमच. तीच ओळख. आणि सगळा बाप्या आहे.”

अ‍ॅस्पेनमध्ये नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मार्चमध्ये, पालवीच्या आधी, केसाळ सुरवंटांसारखे तुरे लोंबतात. नराचे तांबूस, मादीचे हिरवट. मार्ली वुडमधला हा ताफा पूर्ण नर होता, आणि आसपास कुठे मादी नव्हती. म्हणजे बी नाही. नवं रोप नाही. त्याच एका झाडाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच प्रती काढत राहायचं.

“वर्गात सगळ्यांनी एकाच पोराची उत्तरं उतरवली की काय होतं?” बाई म्हणाल्या. “बरोबर असली तर सगळे पास. चूक असली तर सगळा वर्ग नापास. एक रोग आला की संपलं.”

त्यांना एवढंच हवं होतं. या नराजवळ एक मादी. बाकी सगळी कामं त्यासाठी होती: फुटव्यांना ऊन मिळावं म्हणून हेझल आळीपाळीने बुंध्यापासून छाटायची, त्या काटक्यांचं दाट कुंपण रचायचं, आणि भेकरांना बाहेर ठेवायचं. मंटजॅक म्हणतात ते बुटकं हरीण तिथे फार. बाई त्याला आपल्याकडच्या नावाने भेकर म्हणायच्या. “याचे चुलते आपल्याकडे असतात. हा चीनमधला, श्रीमंतांनी हौसेने आणून सोडलेला. आपल्यासारखाच, आला आणि राहिला. पण आपण निदान शेजाऱ्याची पोरं खात नाही.” अ‍ॅस्पेनचा कोवळा फुटवा म्हणजे भेकराला पेढा.

जंगलाचा वॉर्डन ग्रॅहॅम. उंच, लाजाळू, मनातलं बोलायच्या आधी मिशीवरून हात फिरवणारा. एकदा एक म्हातारं अ‍ॅस्पेन वादळात वाटेजवळ पडलं. कुत्री फिरवायला येणाऱ्या लोकांनी तक्रार केली की जंगल अव्यवस्थित दिसतं. ग्रॅहॅम चेनसॉ घेऊन आला. बाई जाऊन त्या खोडावर बसल्या आणि डबा उघडला.

हे बोलणं अर्थात इंग्रजीत झालं, पण मला ते आठवतं मराठीतच.

“मिसेस बी, तुम्ही उठल्याशिवाय मला हे कापता येणार नाही.”

“ठाऊक आहे. म्हणूनच बसलेय. थालीपीठ घे.”

“लोकांना हा कचरा वाटतो.”

“हे पाळणाघर आहे, ग्रॅहॅम. पाळणाघर कुणी करवतीने आवरत नाही.” आणि त्यांनी डब्यातली लोण्याची सुरी सालीखाली घालून साल उचलली. आत पिवळसर ओल, आंबूस वास, आणि त्यात वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्या. “पडलेलं खोड हे झाडाचं अर्धं आयुष्य असतं. याच्यावर जगणारे किडे उभ्या खोडावर जगत नाहीत. हे नेलंस की ते गेले, ते गेले की त्यांना खाणारे गेले. कुत्रेवाल्यांना माझ्याकडे पाठव.”

ग्रॅहॅमने मिशीवरून हात फिरवला, थालीपीठ उभ्यानेच खाल्लं, आणि चेनसॉ परत गेला. खोड तिथेच राहिलं. कुत्रेवाल्यांपैकी दोघी पुढे शनिवारी हातमोजे घालून काम करायला येऊ लागल्या. त्यातली एक बाईंना फार घाबरायची आणि एकही शनिवार चुकवायची नाही.

बाईंना जंगलात कुणी ‘किती सुंदर’ म्हटलेलं खपायचं नाही. “सुंदर म्हटलं की माणूस हात खिशात घालतो,” म्हणायच्या. पण मी त्यांना पाहिलंय. दुपारी सगळे चहाला गेले की त्या गळ टाकून बसणाऱ्यांची असते तशी घडीची स्टुली ताफ्याच्या मधोमध टाकायच्या, टोपी काढायच्या आणि नुसत्या बसायच्या. कान उघडे टाकून. त्यांच्या मालकांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, मुलगी कॅनडात. मी थर्मॉस घेऊन गेलो की म्हणायच्या, “थांब जरा. बोलू नकोस.” मग गवती चहा घातलेला चहा दोघं झाकणातून आळीपाळीने प्यायचो. तो गवती चहा त्या हॅरोच्या फ्लॅटच्या खिडकीत लावायच्या.

मादी सापडली ती जंगलात नाही, माझ्या गाडीतून. मार्च महिना, राउंडअबाउटवर गाड्यांची रांग.

“थांब,” बाई म्हणाल्या.

“बाई, इथे कसं थांबू?”

“मग पुढे थांब. पण थांब.”

मी हॅझर्ड लाइट लावून गाडी गवतावर घेतली. मागचा लॉरीवाला हॉर्न देऊन काय म्हणायचं ते म्हणाला. बाई रस्त्याकडेच्या एका उंच, एकट्या झाडाकडे दुर्बीण लावून उभ्या. किती तरी वेळ. मग दुर्बीण खाली घेतली आणि ओल्या गवतात बसल्या, स्टुली न घेता.

“हिरवे आहेत तुरे,” त्या हळूच म्हणाल्या. “नितीन, बाई आहे रे ही.”

झाडाच्या बुंध्याला नारिंगी स्प्रेचं वर्तुळ होतं. ते मला आधी दिसलं. रस्ता रुंद व्हायचा होता, त्यात हे झाड जाणार होतं.

बाई मग कामाला लागल्या. कौन्सिलला फोन, काँट्रॅक्टरला फोन. त्या एप्रिलात त्यांनी मला दोनदा तिथे थांबवून दाखवलं, की मार्लीच्या ताफ्याला अजून पालवीचा पत्ता नाही आणि ही मात्र हिरवीगार. “बघितलंस? वेगळं झाड आहे. स्वभावच वेगळा.” झाड वाचणार नव्हतं, ते त्यांनी लवकर ओळखलं. मग मागितलं एवढंच, की तोडायच्या आधी मुळं खणू द्या. कौन्सिलमधल्या ज्या मुलीला त्या फोन करायच्या तिच्या थोरल्याच्या जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, शंका त्यांनी फोनवरच सोडवल्या म्हणे. वर्षभर चाललं हे. पुढच्या फेब्रुवारीत, झाड पडायच्या आठवड्यात, एक सकाळ आम्हाला मिळाली.

हाय-व्हिज जॅकेट घालून बाई चिखलात गुडघ्यांवर. बोटाएवढ्या जाडीची मुळं ग्रॅहॅम खणून देई, त्या वितीएवढे तुकडे करीत, मी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. हे तुकडे ट्रेमध्ये ओलसर मातीत आडवे निजवायचे. वसंतात त्यांना फुटवे येतात, तेच रोप.

ट्रे ठेवायचे कुठे? बाईंचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, रेडिएटरने कोरडा. ग्रॅहॅमच्या शेडमध्ये उंदीर. माझ्या घरामागे काचेची कॉन्झर्व्हेटरी होती. मीच म्हणालो, माझ्याकडे ठेवू.

“रोज सकाळी हात लावून बघ,” बाईंनी सांगितलं. “ओलसर लागलं पाहिजे, चिखल नको. ऊन चढलं की दार उघड. घरी लेकरू सांभाळतोस ना? हे त्याहून सोपं. हे रडत नाही.”

रडलं असतं तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये मेघना पोराला घेऊन भावाच्या लग्नाला पुण्याला गेली. मलाही जायचं होतं, पण प्रोजेक्टचं गो-लाइव्ह त्याच आठवड्यात. सकाळी अंधारात निघायचं, रात्री येऊन आडवं व्हायचं. आणि नेमकं त्या आठवड्यात कडक ऊन पडलं. इंग्लंडात काचेच्या खोलीत असं ऊन पडलं की भट्टी होते. दार बंद. मी एकदाही तिकडे गेलो नाही. विसरलो म्हणणं पूर्ण खरं नाही. एकदा किटली लावताना आठवलं होतं, आणि मी मनात म्हटलं, ओलं असेल अजून.

रविवारी दार उघडलं तेव्हा तोंडावर गरम वाफ आली. माती ट्रेच्या कडा सोडून आत आकसली होती. मुळं वाळक्या शेंगांसारखी. बाईंनी शिकवलं होतं तसं एकेकावर नख ओढून बघितलं, आत पांढरं निघालं तर जिवंत. प्रत्येक तुकडा तपकिरी निघाला.

तसाच गाडी काढून झाडाच्या जागी गेलो, उरलंसुरलं एखादं मूळ मिळेल म्हणून. नारिंगी अडथळे, रविवारचा उभा असलेला डिगर, आणि झाड होतं तिथे खोलवर उकरून पसरलेली खडी. काही नव्हतं.

त्या संध्याकाळी बाईंचा फोन. “कशा आहेत मुली?”

“बऱ्या आहेत.”

“फुटल्या?”

“अजून नाही.”

“फुटतील. घाई करू नकोस त्यांना.”

मी तेव्हा बोललो असतो तर त्या रागावल्या असत्या. बहुतेक रडल्याही असत्या, आणि ते मला बघवलं नसतं. पण पुढच्या शनिवारी त्या ट्रेनने आल्या असत्या आणि आम्ही दुसरी मादी शोधायला लागलो असतो. हे मला आज दिसतं. तेव्हा एवढंच दिसलं की बाईंचा माझ्यावर विश्वास आहे आणि तो जाईल.

दुसऱ्या दिवशी लंच अवरमध्ये मी ऑफिसमधून निघालो, मार्ली वुडला गेलो आणि त्या जुन्या ताफ्याच्या कडेची, नराची मुळं खणली. लॅपटॉपच्या बॅगेत घातली. ताजी माती भरून त्याच ट्रेमध्ये निजवली. बाईंच्या अक्षरातल्या नावाच्या पट्ट्या ट्रेवर तशाच राहू दिल्या.

आणि मी मनात मांडणी केली होती, तीही सांगून टाकतो. अ‍ॅस्पेनला पहिला तुरा यायला पुष्कळ वर्षं लागतात. तेव्हाच नर की मादी ते कळणार. तोवर बाई नसतील. असा विचार मी केला, त्यांच्याच ताफ्यातून मुळं खणताना, त्या जिवंत असताना.

मे महिन्यात फुटवे आले. बाई खास ते बघायला म्हणून आल्या. कॉन्झर्व्हेटरीत वाकून त्यांनी त्या तांबूस, इवल्या पानांना बोट लावलं. “या बायांनो,” म्हणाल्या. “आलात का.” मेघना परत आली होती, तिने सगळ्यांना पोहे केले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिला म्हणाल्या, “तुझा नवरा माझ्या वर्गात असता तर मी त्याला मॉनिटर केला असता.” मी पोहे खात राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात रोपं मोकळवणीत लावली. ग्रॅहॅमला बाईंच्या नावाची पाटी लावायची होती. “पाटी मेलेल्याला लावतात,” बाईंनी उडवून लावलं. त्याऐवजी त्यांनी जुन्या ताफ्याखालची ओंजळ ओंजळ माती आणून प्रत्येक रोपाच्या मुळाशी घातली. त्या मातीत बुरशीचे धागे असतात, ते मुळांना पाणी पोचवतात. “सासरची माती,” म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. स्वतःच्याच विनोदावर हसताना बाईंना मी प्रथमच पाहत होतो.

मला आता भीती होती ती पालवीची.

पुढचा वसंत आला. बाई शनिवारी त्या कुंपणापाशी स्टुली टाकून बसायच्या. एप्रिल सरत आला तरी रोपं उघडी होती. जुना ताफाही उघडा. मग एका आठवड्यात ताफ्याला पालवी आली, आणि त्याच आठवड्यात रोपांनाही. तोच तांबूस रंग, तीच वेळ. मी बाईंच्या शेजारी उभा होतो. त्यांनी ताफ्याकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं, पुन्हा ताफ्याकडे. मग म्हणाल्या, “रस्त्याकडेची ती लवकर पालवायची.”

“हो,” मी म्हणालो.

“जागा बदलली की सवय बदलत असेल.”

बाई ‘असेल’ म्हणाल्या. आयुष्यभर ज्यांनी ते कुणाला म्हणू दिलं नाही, त्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. “आपली नाही का बदलली?” त्या पुढे म्हणाल्या. “मी इथे आले तेव्हा पहाटे उठत होते.” मग थर्मॉस मागितला.

त्यांना कळलं होतं का? कळूनही त्यांनी मला सोडून दिलं, की त्यांना इतकं हवं होतं ते, की त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही? यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी पुष्कळ वर्षं ठरवतोय. त्या क्षणी मला बोलता येत होतं. जंगलात दुसरं कुणी नव्हतं. मी थर्मॉसचं झाकण उघडून चहा ओतला.

त्यानंतरही आमचे शनिवार चालूच राहिले, आणि ते चांगले होते, हेच अवघड आहे. भेकरांवर शिव्या, ग्रॅहॅमची मिशी, डब्यातली थालीपिठं, परतताना गाडीत पाय पुढे ताणून झोपलेल्या बाई. आजही शनिवारी सकाळी स्टेशनवरून गेलो तर माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो. रस्त्यात कुठलंही झाड दिसलं की मी त्याचं नाव घेतो, आणि मग पुढे कुणी काही विचारत नाही.

दशक संपत आलं तेव्हा बाईंचं खुब्याचं दुखणं वाढलं आणि ट्रेन बंद झाली. मग मी अधूनमधून हॅरोला जायचो. मेघनाने दिलेले डबे न्यायचो. प्रत्येक वेळी जाताना ठरवायचो, आज सांगायचं. बाई विचारायच्या, “कुंपण धड आहे ना? खालून घुसतात ती भेकरं.” मी सांगायचो, धड आहे. ते खरं होतं. कुंपणाच्या बाबतीत मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नाही.

शेवटच्या वेळी गेलो तो फेब्रुवारीचा एक उजळ दिवस होता. बाई काठी घेऊन जिना उतरून मला सोडायला आल्या. नको म्हटलं तर म्हणाल्या, “जिन्याला चढउतार असतो, मला नुसता उतार पुरे आहे आज.” खाली आल्यावर म्हणाल्या, “फुलल्या की ग्रॅहॅमला आधी सांगू नकोस. मला सांग.”

“सांगीन,” मी म्हणालो.

“लाल की हिरवे, ते नीट बघून सांग.”

मी गाडीत बसलो. इमारतीसमोर कौन्सिलने एक नवं रोप लावलं होतं, खांबाला रबरी पट्टीने आवळून बांधलेलं. मी गाडी वळवेपर्यंत बाई तिथे पोचल्या होत्या. काठी खांबाला टेकवून, माझ्याकडे पाठ करून, त्या दोन्ही हातांनी ती पट्टी सैल करत होत्या. हात हलवायला त्या वळतील म्हणून मी क्षणभर थांबलो. त्या वळल्या नाहीत. पट्टी घट्ट होती आणि त्यांचं लक्ष तिथेच होतं. मागून गाडी आली, मी निघालो.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या गेल्या.

ग्रॅहॅमही आता तिथे नाही. या आठवड्यात मार्ली वुडच्या नव्या वॉर्डनचा फोन आला. मिसेस बर्वेंच्या मुलींवर पहिल्यांदा फुलांचे कळे धरलेत, मार्चमध्ये उमलतील, सगळे जमणार आहेत, तुम्ही यायलाच हवं, तुमच्या घरी वाढल्यात त्या. तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी पुन्हा एकदा फक्त ‘हो’ म्हणालो.

तुरे लाल निघतील. त्याआधी हे मी लिहिलं आहे, आणि प्रथम मेघनाला वाचायला देणार आहे, मग तिकडे जाऊन सांगणार आहे.

मार्ली वुडच्या लोकांना मी खरी गोष्ट देणं लागतो. त्या जंगलाला एक मादी अ‍ॅस्पेन देणं लागतो, ती अजून मला सापडलेली नाही. आणि बाईंना मी त्या रविवारच्या फोनवरचं उत्तर देणं लागतो. ते आता देता येणार नाही.